जॉबशॉपसाठी ईआरपी: वेंडर म्हणतो आठ महिन्यांत पैसे वसूल. हिशेब कसा तपासायचा?

भोसरीचा_लेथ

भोसरी एमआयडीसीत मशिनिंगचं युनिट आहे, भागीदारी फर्म. ८ सीएनसी लेथ, ३ व्हीएमसी (उभी मिलिंग मशीनं), दोन शिफ्ट. उलाढाल सहा कोटींच्या आसपास. माल ऑटोच्या टियर-१ (गाडी बनवणाऱ्यांना थेट पुरवठा करणाऱ्या) कंपन्यांना जातो. हीट ट्रीटमेंट आणि झिंक प्लेटिंग बाहेरून करून घेतो. हिशेब आणि ई-इन्व्हॉइस टॅलीत, स्टोअर एक्सेलमध्ये, जॉबवर्कची (या बाहेरच्या कामाची) चलनं छापील पुस्तकात.

ईआरपीची, म्हणजे स्टोअर, उत्पादन, हिशेब एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, दोन कोटेशनं हातात आहेत, दोन्ही जीएसटी सोडून.

अ) क्लाउड: ८ युजर, दरमहा प्रत्येकी १,५०० रुपये. इम्प्लिमेंटेशन ३ लाख.
ब) स्वतःचा सर्व्हर: लायसन्स ६ लाख, इम्प्लिमेंटेशन २.५ लाख, सर्व्हर १.८ लाख, दुसऱ्या वर्षापासून एएमसी (वार्षिक देखभाल) लायसन्सच्या १८ टक्के.

'अ'वाल्याने एक्सेल शीट करून दिलीय. त्यात आमचा ६८ लाखांचा स्टॉक २५ टक्क्यांनी कमी होणार म्हणून १७ लाख फायदा, तीन माणसांचं काम एकावर येणार म्हणून ४.८ लाख फायदा, आणि आठ महिन्यांत गुंतवणूक वसूल. आकडे बघून बरं वाटतं, पण कुठेतरी पाणी मुरतंय असा संशय आहे. शीट नेमकी कुठे तपासावी? आणि क्लाउड बरं की स्वतःचं?

---

खर्चवही

पाणी मुरतंय ते स्टॉकच्या ओळीत.

स्टॉक १७ लाखांनी कमी झाला तर १७ लाख रुपये एकदाच मोकळे होतात. तो नफा नव्हे, तुमचेच अडकलेले पैसे परत आले. वर्षाचा फायदा म्हणजे त्या पैशावरचं वाचलेलं व्याज. सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट) १०.५ टक्क्यांनी असेल तर १७ लाखांवर वर्षाला १.७८ लाख. शीटमध्ये मात्र अख्खे १७ लाख फायदा म्हणून घेतलेत. काही शीटमध्ये मुद्दल आणि त्यावरचं व्याज अशा दोन्ही ओळी असतात, तेही बघा. दोन्हीपैकी एकच धरायची.

शिवाय २५ टक्के कशातून कमी होणार? ६८ लाखांत दीड वर्ष न हललेला माल किती आहे ते आधी वेगळं काढा. बंद पडलेल्या पार्टचे नग, ग्राहकाने ड्रॉइंग बदलल्यावर उरलेले तयार पीस, कुठल्याच जॉबला न लागणारे बार. हा माल सॉफ्टवेअरने कमी होत नाही, भंगारात विकून होतो. त्याला लायसन्स लागत नाही.

माणसांची ओळ दुसरी. वेळ वाचला म्हणजे पैसे वाचले असं नाही. तिघांपैकी कुणाला कमी करणार आहात का? नसाल तर ४.८ लाख कागदावरच राहतात. मोजायचा तो बंद होणारा ओव्हरटाइम, किंवा पुढच्या वर्षी घ्यावा लागणारा आणि आता न लागणारा माणूस. माझा नियम साधा आहे: जो फायदा बँकेच्या पासबुकात किंवा पगारपत्रकात बोट ठेवून दाखवता येत नाही, त्याची किंमत शून्य. तो शेऱ्यात लिहा, बेरजेत नको.

आता कोटेशनमध्ये नसलेला खर्च, 'अ' धरून.

आयटम मास्टर (सगळ्या मालाची मूळ यादी) साफ करणं: कच्चा माल, टूल, इन्सर्ट, पार्ट मिळून तुमच्यासारख्या युनिटमध्ये २,४०० आयटम सहज निघतात. एका आयटमला ६ मिनिटं म्हणजे २४० तास. तासाला २०० रुपये धरले तर ४८,००० रुपये. हे काम वेंडरचा पोरगा करू शकत नाही, कारण 'बुश ४० नवीन' आणि 'बुश डाय.४० रेव्ह बी' एकच की वेगळे हे तुमच्याच माणसाला माहीत. दोन महिने जुनं-नवं दोन्ही चालवण्याचा ओव्हरटाइम ६०,०००. चलन, पीडीआय (माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा) रिपोर्ट, ग्राहकाच्या पोर्टलचा फॉरमॅट यासाठी कस्टमायझेशनचे दहा दिवस, ८,००० रुपयांनी ८०,०००. लेबल प्रिंटर, स्कॅनर, शॉपमध्ये दोन पीसी, वायफायचं केबलिंग १.५ लाख. इम्प्लिमेंटेशन धरून एकरकमी ६.३८ लाख.

दरवर्षी: भाडं १.४४ लाख, दुसऱ्या कंपनीची इंटरनेट लाइन १२,०००, आणि सगळ्यात मोठा आकडा म्हणजे डेटा भरणारा माणूस. पगार, पीएफ, बोनस धरून २.४ लाख. पाच वर्षांत हा माणूस १२ लाख खातो आणि सॉफ्टवेअरचं भाडं ७.२ लाख. वेंडर म्हणेल की एंट्री ऑपरेटरच करेल. दोन मशीन सांभाळणारा ऑपरेटर शिफ्ट संपताना घाईत जे बोटाला येईल ते टाकतो.

'ब' पाच वर्षांत १०.३ अधिक एएमसी ४.३२, म्हणजे १४.६२ लाख. 'अ' १०.२ लाख, तेही भाडं न वाढता. दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर साधारण ११.५. तरी 'अ' स्वस्त. 'ब' मध्ये एएमसी थांबवून पैसे वाचवू असं मनात असेल तर ते होत नाही. ई-इन्व्हॉइसचा फॉरमॅट बदलला की अपडेट एएमसीवाल्यालाच मिळतो.

---

ताळेबंद_पुणे

कराच्या बाजूचं थोडक्यात.

१८ टक्के जीएसटीचं दोन्ही पर्यायांत क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या भरायच्या करातून वजा होतो, म्हणून तुलनेत धरू नका. फक्त रोख आधी जाते हे लक्षात असू द्या, आणि वेंडरने वेळेवर रिटर्न भरून ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) दिसलं तरच क्रेडिट.

'ब' मधलं लायसन्स आणि सर्व्हर भांडवली खर्च. घसारा ४० टक्के, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्मा, म्हणजे २० टक्के. इथे बिलाची तारीख चालत नाही, वापर सुरू झाल्याची चालते. ऑगस्टमध्ये बिल आणि डिसेंबरमध्ये सुरुवात असा प्रकार नेहमीचा आहे, आणि मग घसारा निम्माच. 'अ' चं मासिक भाडं मात्र त्याच वर्षी पूर्ण खर्चात जातं. फर्मला सेससह ३१.२ टक्के कर लागतो, त्यामुळे फरक पडतो, पण तो फक्त कर आधी वाचतो की नंतर एवढाच. यावरून निर्णय फिरवण्याएवढा नाही.

'ऑडिट ट्रेल (हिशेबात कधी काय बदललं याची नोंद) सक्तीचा झालाय, म्हणून नवीन सॉफ्टवेअर घ्याच' असं सांगत असतील तर १ एप्रिल २०२३ पासूनचा तो नियम कंपन्यांसाठी आहे. भागीदारी फर्मला नाही.

तुम्हाला खरोखर लागू आहे ते आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचं जीएसटी विवरण. पाच कोटींच्या वर उलाढाल असल्याने सहा महिन्यांनी भरावं लागतं, २५ ऑक्टोबर आणि २५ एप्रिल. जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर तो पाठवला त्या दिवशी विकला असं धरून कर आणि व्याज. चलनपुस्तकातून हा ताळमेळ काढणं म्हणजे ऑक्टोबरमध्ये आठवडाभर एक माणूस अडकणं. तो खर्च मोजा.

---

बारफीडर

पैशाचं वरच्यांनी सांगितलं. हे सगळं बंद कुठे पडतं ते सांगतो, कारण सॉफ्टवेअर बंद पडलं तर फायद्याच्या सगळ्याच ओळी शून्य.

पहिलं ठिकाण म्हणजे बीओएम (एका नगाला कुठला माल किती लागतो ती यादी) मधलं वजन. बार किलोने येतो, मिलिमीटरने कापला जातो, नगाने मोजला जातो. उदाहरण घ्या: ४० मिमी व्यासाचा ईएन-८ स्टीलचा बार. मीटरला वजन ०.००६१७ गुणिले व्यासाचा वर्ग, म्हणजे ९.८७ किलो. पार्टची लांबी ६२, पार्टिंग (नग कापून वेगळा करताना जाणारं) ३, फेसिंग (तोंड सपाट करताना जाणारं) १, एकूण ६६ मिमी. मास्टर भरणारा ६६ मिमीचं वजन काढतो, ०.६५१ किलो, आणि पुढे जातो.

प्रत्यक्षात ३ मीटरच्या बारमधले १२० मिमी चकमध्ये राहतात. उरलेल्या २,८८० मध्ये ६६ ने ४३ नग बसतात. बारचं वजन २९.६ किलो, भागिले ४३, म्हणजे नगाला ०.६८९. फरक ३७ ग्रॅम. दहा हजार नगांना सुमारे ३७० किलो. एवढं स्टील सिस्टीममध्ये शिल्लक दिसतं आणि रॅकवर नसतं. दोन महिन्यांत स्टोअरवाल्याचा स्क्रीनवरचा विश्वास उडतो, तो परत स्वतःची वही काढतो, आणि मग ईआरपीचं भाडं चालू आणि एक्सेलही चालू.

म्हणून बीओएममध्ये वजन बारच्या हिशेबाने भरा, एंड पीस धरून. ज्या पार्टचा बार ६ मीटरचा येतो आणि शॉपमध्ये दोन तुकडे होतो, तिथे कापणीची घटही धरा.

दुसरं, बॅकफ्लश. 'नग झाला की माल आपोआप वजा' हे डेमोत छान दिसतं. रिजेक्शनची एंट्री त्याच शिफ्टला होत नसेल तर बॅकफ्लश चुकीचं वजा करतो. त्यात तुम्ही ऑटोवाले, हीट नंबर (स्टीलच्या वितळीचा बॅच नंबर) लागतो. स्टोअरमधून माल देतानाच हीट नंबरसह इश्यू करा, कष्ट वाढले तरी.

तिसरं, दोन्ही सिस्टीम चालवताना इन्व्हॉइस फक्त एकाच ठिकाणून काढा. आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा ओळख नंबर) हा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि नंबर यांवरून बनतो. तोच नंबर दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून पाठवला तर पोर्टल डुप्लिकेट म्हणून परत पाठवतं. रद्द करायला २४ तास, आणि रद्द झालेला नंबर परत वापरता येत नाही. चालू करताना नवी सिरीज घ्या, वेगळा प्रीफिक्स लावून.

ओपनिंग स्टॉक गुरुवारी मोजा, सुट्टीच्या दिवशी. मशीन चालू असताना डब्ल्यूआयपी (अर्धवट झालेला माल) मोजता येत नाही, कितीही माणसं लावा.

---

भोसरीचा_लेथ

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे आकडे काढले.

दीड वर्ष न हललेला माल ११ लाख. (एवढा असेल असं वाटलं नव्हतं.) गेल्या बारा महिन्यांत स्पेशल टेम्पोवर २.१६ लाख गेले. त्यातले १.३० लाख 'माल प्लेटिंगला आहे की आपल्याकडे' हे वेळेत न कळल्यामुळे, बाकी मशीन ब्रेकडाउन आणि ग्राहकाने शेड्यूल बदलल्यामुळे. स्टोअर-डिस्पॅचचा ओव्हरटाइम १.३२ लाख. जॉबवर्कची तीन महिन्यांची चलनं जुळवली: गेले ६१,२०० नग, आले ६०,७९०. तूट ४१०. त्या टप्प्याला नगाची किंमत सरासरी ७८ रुपये. स्टीलच्या भावफरकाची पुरवणी बिलं राहून गेली ती ३८,००० ची. सीसी १०.५ टक्केच.

---

खर्चवही

आता बोलता येईल.

तूट तिमाहीला ३१,९८०, म्हणजे वर्षाला १.२८ लाख. तिच्यातली सगळी बंद होणार नाही. प्लेटिंगवाला ड्रममध्ये काही नग खराब करणारच, पण चलनागणिक तूट दिसली की डेबिट नोट काढता येते. ६० टक्के धरतो: ०.७७ लाख. टेम्पो, १.३० च्या ६० टक्के: ०.७८. ओव्हरटाइमच्या ४० टक्के: ०.५३. स्टॉक, ११ लाख वजा करून उरले ५७. त्यात ८ टक्के कमी झाला तर ४.५६ लाख मोकळे, व्याज ०.४८. भावफरकाचे ३८,००० मी शून्य धरतो, कारण ते टॅलीच्या शेजारी एका एक्सेल शीटने आणि तिमाहीला एक तास बसून बंद होतं. सॉफ्टवेअरच्या नावावर तेच आणि तेवढेच फायदे जमा करायचे जे दुसऱ्या स्वस्त मार्गाने मिळत नाहीत.

बेरीज वर्षाला २.५६ लाख.

पूर्ण आठ युजर, नवीन माणूस धरून वार्षिक खर्च ३.९६ लाख. म्हणजे दरवर्षी तोटा, ६.३८ लाख वसूल होण्याचा प्रश्नच नाही. नवीन माणूस न घेता, आहे त्याच लोकांनी एंट्री केली असं धरलं तरी खर्च १.५६, सुटतात १ लाख, वसुली सहा वर्षांच्या वर. १२ टक्के दराने पाच वर्षांचा गुणक (पुढचे वार्षिक रुपये आजच्या किमतीत आणणारा) ३.६०. म्हणजे ६.३८ लाख टाकून बरोबरीत यायला वर्षाला निव्वळ १.७७ लाख सुटले पाहिजेत. इथे ते सुटत नाहीत.

पण फायद्याच्या ओळी परत बघा. टेम्पो, तूट, ओव्हरटाइम, तिन्हींचं मूळ एकच: माल कुठे आहे ते कळत नाही. मग तेवढंच विकत घ्या. स्टोअर, जॉबवर्क आणि डिस्पॅच, तीन युजर. प्रॉडक्शन प्लॅनिंग, एचआर, सीआरएम नको. हिशेब टॅलीत राहू द्या.

भाडं वर्षाला ५४,०००, लाइन १२,०००. इम्प्लिमेंटेशन तीन मॉड्यूलचं घासाघीस करून सव्वा लाखापर्यंत यायला हरकत नाही. कस्टमायझेशन तीन दिवस २४,०००. मास्टर फक्त चालू ७०० आयटमचे, ७० तास, १४,०००. प्रिंटर-स्कॅनर ५५,०००. एकरकमी २.१८ लाख, वार्षिक ६६,०००.

फायदे थोडे कापून: टेम्पो ०.७८, तूट ०.७७, ओव्हरटाइम ०.२७, स्टॉकचं व्याज ०.४०. एकूण २.२२. निव्वळ १.५६ लाख. पहिले सहा महिने काहीच हाती लागलं नाही असं धरलं तरी पैसे भरल्यापासून पंचवीस-सव्वीस महिन्यांत वसूल.

याच गणिताची दुसरी बाजू: फायदे निम्मेच आले तर निव्वळ ४५,००० आणि वसुली साडेपाच वर्षांच्या पुढे. म्हणून सहा महिन्यांनी तीच चलनं परत जुळवा. तूट ०.६७ टक्क्यांवरून ०.३ च्या आसपास आली नसेल तर वाढीव मॉड्यूल घेऊ नका.

---

गेज_आणि_गो

थोडा विरोध. हे गणित फक्त खर्च वाचण्याचं झालं. ग्राहकाच्या आयएटीएफ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) ऑडिटला हीट नंबरपासून डिस्पॅचपर्यंत माग दाखवता आला नाही तर एनसी (त्रुटीचा शेरा) येते, आणि पुढचा नवा पार्ट मिळताना ती आडवी येते. ती किंमत कुठे धरली?

---

खर्चवही

धरायला हवी, पण तिची तुलना 'काहीच न करण्याशी' होत नाही. माग दाखवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग कोणता, त्याच्याशी होते. तो मार्ग म्हणजे ट्रॅव्हलर कार्ड (मालाबरोबर फिरणारं कार्ड) आणि हीट रजिस्टर. छपाई आणि शिस्त, वर्षाला काही हजार. ईआरपीने हेच काम लवकर होतं. ऑडिटरने एक इन्व्हॉइस उचलून हीट नंबर विचारला तर रजिस्टरात अर्धा तास, सिस्टीममध्ये मिनिटभर. या फरकाला ग्राहक पैसे देणार असेल, म्हणजे आरएफक्यूमध्येच (ग्राहकाच्या कोटेशन-मागणीत) डिजिटल माग अशी अट असेल, तर तो फायदा त्या पार्टच्या मार्जिनसकट धरा. नुसत्या भीतीपोटी धरू नका.

आणि एक प्रश्न कुणी विचारला नाही. व्हीएमसीवर लोड साचतोय का? साचत असेल तर तिथला सेटअप वेळ कमी करणारी फिक्स्चर प्लेट याच दोन लाखांत जास्त देऊन जाईल का, ते याच पद्धतीने मांडून बघा.

---

बारफीडर

करारातल्या गोष्टी, सही करायच्या आधी.

भाडं सहीच्या तारखेपासून नाही, चालू झाल्यापासून. वाढ वर्षाला किती टक्क्यांपर्यंत ते लिहून घ्या. तीन युजर म्हणजे तीन नावं की एका वेळी तीन लॉगिन? दोन शिफ्ट असतील तर यात दुप्पट फरक पडतो. पैसे ३०-३०-४०, आणि शेवटचे ४० टक्के पहिल्या पूर्ण महिन्याचा स्टॉक प्रत्यक्ष मोजणीशी २ टक्क्यांच्या आत जुळल्यावर. सोडताना मास्टर आणि सगळे व्यवहार एक्सेलमध्ये मिळाले पाहिजेत, पीडीएफमध्ये नकोत. हे डेमोतच करून दाखवायला सांगा. 'होईल सर' म्हणाले तर समजायचं बटण नाहीये.

डेमो तुमच्या डेटावर मागा: एक पार्ट, एक बार, प्लेटिंगला १,००० नग, दोन खेपांत ६०० आणि ३८८ परत, १२ तूट. ही एकच केस अर्ध्या सॉफ्टवेअरना जमत नाही. ते उरलेले १२ नग कायमचे 'जॉबवर्ककडे बाकी' दाखवत बसतात आणि आयटीसी-०४ जुळत नाही.

---

भोसरीचा_लेथ

तीन युजरचं कोटेशन मागवलंय, वरची केसही पाठवली. एक राहिलं: लेबल बिनला लावायचं की नगांच्या पिशवीला? प्लेटिंगला जाताना काय टिकतं?

---

बारफीडर

कागदी लेबल प्लेटिंगला टिकत नाही, हीट ट्रीटमेंटला तर नाहीच, आणि तिथे माल तुमच्या बिनमधून त्यांच्या बास्केटमध्ये जातो. म्हणून बाहेर जाताना बारकोड चलनावर. नगांबरोबर फक्त पंच केलेला पत्र्याचा टॅग, तारेने बांधलेला, त्यावर चलन नंबरचे शेवटचे चार आकडे. आत शॉपमध्ये बिनला पॉलिस्टरचं लेबल आणि प्रिंटरला रेझिन रिबन. वॅक्स रिबन स्वस्त पडते, पण कटिंग ऑइलचा हात लागला की अक्षरं पुसतात आणि स्कॅनर वाचत नाही. कोटेशनमध्ये नुसतं 'रिबन' लिहिलेलं असेल तर कुठली ते विचारून घ्या.